दहा सीटचा गेमिंग कॅफे उभा करताना

गेमिंग कॅफेत गिऱ्हाईक एकटं क्वचितच येतं. घरी पीसी असलेलाही येतो, कारण त्याला मित्रांच्या शेजारी बसून खेळायचं असतं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, लीग ऑफ लेजंड्स, डोटा २ हे सगळे गेम ५ विरुद्ध ५ चालतात. म्हणजे तुम्ही विकता ती खुर्ची नव्हे, तर एका वेळी चालू असलेल्या पाच खुर्च्यांचा संच. सहा सीट घातल्या तर एक टीम बसते आणि सहावी खुर्ची रिकामी राहते. आठ घातल्या तर तीन रिकाम्या. म्हणून पाच नाहीतर दहा, मधला आकडा नको. पाचातला एक माउस बिघडला की एक जण उठत नाही, पाचही उठून जातात. त्यामुळे सुरुवातीलाच दहा सीटला अकरा पीसी घ्यायचे. अकरावा काउंटरवर कामाला लावा, पण तो बाकीच्या दहांसारखाच हवा, म्हणजे वेळ पडली की दहा मिनिटांत उचलून सीटवर ठेवता येतो.

खाली सगळा हिशोब या दहा सीटचा आहे.

जागा आणि टेबल

एका सीटला टेबलाची रुंदी ११० सेंमी धरा, १०० च्या खाली जाऊ नका. ८० सेंमीवर ऑफिसचं काम होतं, नेमबाजीचे गेम होत नाहीत. हे खेळाडू माउसची सेन्सिटिव्हिटी कमी ठेवतात. गेममध्ये पूर्ण गोल फिरायला त्यांना माउस ३० ते ५० सेंमी सरकवावा लागतो, म्हणजे मनगट नव्हे, अख्खा हात फिरतो. कीबोर्ड ते तिरका करून डावीकडे ढकलतात. टेबल अरुंद असेल तर कोपराला कोपर लागतं आणि भांडण तुमच्यापर्यंत येतं. खोली ७५ सेंमी पुरते.

पाच सीटची एक रांग साडेपाच मीटरची होते. दोन रांगा समोरासमोरच्या भिंतींकडे तोंड करून लावा, मध्ये सामाईक वाट ठेवा. टेबल ७५, खुर्ची आणि माणूस ९०, वाट ९०, पुन्हा ९०, पुन्हा ७५, अशी रुंदी ४२० सेंमी होते. काउंटर, चपलांची जागा आणि वाट बघणाऱ्यांचा बाक धरून साडेसात बाय साडेचार मीटर, म्हणजे साधारण ३६० चौरस फूट जागा पुरते. या मांडणीत सगळे स्क्रीन काउंटरवरून दिसतात, हा मोठा फायदा. चीट (गेममध्ये लबाडी करायचं सॉफ्टवेअर) कोण चालवतंय, कोणाचं डोकं तापलंय, कुठला पीसी अडकलाय हे जागेवरून कळतं.

पाच सीटचं एकच सलग टेबल दिसायला छान, पण एकाने हरल्यावर हात आपटला की पाचही मॉनिटर हलतात. टेबलं सुटी ठेवा, किंवा मॉनिटर भिंतीवरच्या आर्मवर घ्या. पीसी जमिनीवर ठेवू नका. धूळ ओढतो आणि लाथा खातो. जमिनीपासून १५ सेंमी उंच फळी पुरते. खुर्ची जाळीच्या किंवा कापडी पाठीची घ्या. रेसिंग खुर्चीसारखं दिसणारं रेग्झिन घामाने आणि घासाने सोलतं आणि मग तीच सोललेली खुर्ची सगळ्या फोटोंत दिसते.

वीज

मध्यम दर्जाचं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी खेळताना मॉनिटरसकट ४०० वॅटच्या आसपास ओढतो. दहाचे झाले ४ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टवर १७-१८ अँपिअर. हा भार तासन्‌तास सलग चालतो, हे इलेक्ट्रिशियनला आधी सांगा. घरगुती अंदाजाने केलेली वायरिंग इथे हळूहळू तापते.

वाटणी टीमप्रमाणे करा. प्रत्येक रांगेला स्वतंत्र सर्किट, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारं बटन). बी-कर्व्ह नको. वीज गेली आणि परत आली की सगळ्या पीसींच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर एकदम भरतात आणि क्षणभर भरमसाट करंट जातो. बी-कर्व्ह तेवढ्यावर पडतो, सी-कर्व्ह सहन करतो. शिवाय बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज परत आल्यावर बंदच राहा’ ही सेटिंग सगळीकडे ठेवा. तिसरं सर्किट राउटर, नेटवर्कचा स्वीच, काउंटर आणि कॅमेऱ्यांचं. एसी प्रत्येकी वेगळ्या सर्किटवर.

एक चूक नव्या कॅफेत वारंवार दिसते. सगळ्या सीटवर मिळून ३० मिलिअँपिअरचा एकच आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारं उपकरण) बसवतात आणि तो अधूनमधून विनाकारण पडतो. कारण असतं. पीसीच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे गळतच असतो, साधारण मिलिअँपिअरभर. दहा पीसी, दहा मॉनिटर, वर छोटे अडॅप्टर यांची बेरीज झाली की आरसीसीबी काठावर येऊन बसतो, कारण ३० चं उपकरण १५ च्या पुढे कधीही पडू शकतं. उपाय म्हणजे प्रत्येक रांगेला वेगळा आरसीबीओ, म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी एकातच. आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नाही. धातूच्या केसला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलंय, त्या दिवशी शटर उघडू नका.

यूपीएसवर सगळे पीसी घ्यायचे की नाही, हा पैशाचा प्रश्न आहे. दहा पीसींना ५ ते ६ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस लागतो. लक्षात ठेवा, रँकच्या मॅचमधून वीज गेल्यामुळे बाहेर पडलेल्या खेळाडूलाही दंड बसतो, गेमला कारण कळत नाही. वीज वारंवार जाणाऱ्या जागी यूपीएस आणि मागे जनरेटर दोन्ही हवेत, कारण एक मॅच ३५ ते ४५ मिनिटं चालते आणि बॅटरी तेवढी टिकत नाही. वीज स्थिर असेल तर राउटर, स्वीच आणि काउंटरपुरता १ केव्हीए बास. छोटा स्वस्त यूपीएस पीसीला लावणार असाल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. नाहीतर बॅटरीवर जाताना काही पॉवर सप्लाय तिथेच बंद पडतात.

थंडावा

पीसीने ओढलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. ४ किलोवॅट यंत्रांचे, अकरा-बारा माणसांचे सव्वा किलोवॅट, मिळून सव्वापाच. एक टन एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे नुसत्या आतल्या उष्णतेलाच दीड टन गेले. त्यावर भिंती, ऊन, उघडझाप होणारं दार. दीड टनाचे दोन एसी घ्या, तीन टनाचा एक नको. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर संध्याकाळ निघते. दोन्ही एसीचा झोत वाटेवर पडू द्या, डोक्यावर पडला तर त्या सीटवर कोणी बसत नाही.

मशीन

अकराही पीसी एकाच मॉडेलचे असले पाहिजेत. हा हट्ट धरा. एकाचं इमेज (विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट डिस्कची प्रत) सगळ्यांना चालतं, एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसतो आणि ‘मला त्याच्यापेक्षा हळू पीसी दिला’ ही तक्रार संपते. सहा कोरचा प्रोसेसर, १६ जीबीच्या दोन काड्या, एक टीबी एनव्हीएमई एसएसडी (गेम फुगत चाललेत, जमलं तर दोन टीबी), मध्यम ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा नावाजलेला पॉवर सप्लाय, पुढे काढता येणारी जाळी असलेली केस. रॅमची एकच काडी लावून दुसरी ‘नंतर बघू’ म्हणू नका. ड्युअल चॅनल नसला की प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या गेममध्ये फ्रेम लगेच घसरतात. कॅफेत जास्त चालतात ते गेम हलकेच असतात, म्हणून ग्राफिक्स कार्डावरचा थोडा पैसा वाचवून मॉनिटरवर घाला. २४ ते २५ इंच, १०८०पी, किमान १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं.

मॉनिटर लावल्यावर तीन गोष्टी प्रत्येक सीटवर तपासा. केबल ग्राफिक्स कार्डात आहे की चुकून मदरबोर्डच्या पोर्टात? विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडलंय की ६० वरच चाललंय? बायॉसमध्ये रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का? १४४ हर्ट्झचा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर चालताना सर्रास सापडतो. मालकाला पत्ता नसतो, पण सराईत खेळाडूला माउस हलवताक्षणी कळतं आणि तो पुन्हा येत नाही.

माउस, हेडसेट, कीबोर्ड हा खप आहे, भांडवल नव्हे. माउसचं बटन काही महिन्यांनी एका दाबात दोन क्लिक करू लागतं. हेडसेटची वायर कानाजवळच्या वळणावर तुटते. दहा सीटमागे दोन-तीन माउस, तीन हेडसेट, एक कीबोर्ड कपाटात कायम हवेत. वायरलेस काही नको. हेडसेट बंद कपांचा घ्या, उघड्या कपांच्या हेडसेटमधून शेजारच्याचा आवाज आत येतो. हेडसेट थेट पीसीत न खोचता अर्ध्या मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर टेबलाखाली पक्की करून तिच्यात खोचा. रोजच्या ओढाताणीने पोर्ट सैल होतो. वायर बदलायला दोन मिनिटं लागतात, मदरबोर्ड बदलायला आठवडा. कानाच्या गाद्या रोज स्पिरिटने पुसल्या तर रेग्झिन तडकतं. ओलसर कापड आणि सौम्य साबण बरा, किंवा कापडी खोळी.

नेटवर्क

प्रत्येक सीटला कॅट-६ ची स्वतंत्र वायर, मध्ये २४ पोर्टचा गिगाबिट स्वीच. वायफायवर कोणतीही सीट चालवू नका. वायर घेताना आतला गाभा पूर्ण तांब्याचा आहे ना, ते पाहा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर हलकी आणि स्वस्त असते, पण वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर जोडणी गिगाबिटवरून १०० एमबीपीएसवर घसरते. टोक चाकूने खरवडलं की पांढरं ॲल्युमिनियम दिसतं. प्रत्येक सीटला एक जास्तीची वायर आत्ताच टाकून ठेवा, नंतर भिंत फोडायला लागते.

खेळायला बँडविड्थ फारशी लागत नाही, एका खेळाडूला १ एमबीपीएससुद्धा पूर्ण लागत नाही. लागतो तो स्थिर पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ. म्हणून कनेक्शन निवडताना वेग विचारू नका. संध्याकाळी ८ ते ११ या वेळात, वायर जोडून, तासभर सलग पिंग चालवून बघा. सरासरी ४० मिलिसेकंद चालेल, पण मधूनच २०० वर उड्या मारणारी किंवा पॅकेट (माहितीचे तुकडे) गाळणारी लाइन कितीही वेगवान असली तरी नको.

लाइन चांगली असूनही लॅग येतो, म्हणजे गेम अडखळतो, तेव्हा घोडं बहुधा राउटरवर अडलेलं असतं. एका पीसीवर डाउनलोड सुरू होतो, राउटरच्या रांगेत पॅकेटं साचतात आणि बाकी नऊ जणांचा पिंग ३० वरून ३०० होतो. यासाठी एसक्यूएम (ही रांग साचू न देणारी सोय) करणारा राउटर घ्या आणि त्यात वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के टाका. मर्यादा घातली नाही तर रांग तुमच्या राउटरऐवजी सेवा देणाऱ्याच्या उपकरणात साचते, तिथे तुमचा काही इलाज चालत नाही.

सेवा देणाऱ्याकडून स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा फक्त तुमचा पत्ता) मागून घ्या. तो नसेल तर व्हॉइस चॅट आणि मित्राच्या लॉबीत जोडणं अडखळतं. काउंटर, कॅमेरे आणि फुकट वायफाय यांना वेगळा व्हीएलॅन (त्याच स्वीचवरचं अलग नेटवर्क) द्या. आणि स्वीचवर एसटीपी चालू ठेवा. कोणीतरी साफसफाई करताना लोंबती वायर उचलून स्वीचच्याच दुसऱ्या पोर्टात खोचतो, लूप होतो आणि अख्खा कॅफे एका सेकंदात ठप्प. एसटीपी असेल तर तो पोर्ट आपोआप बंद होतो.

अपडेट, इमेज आणि चीट

नव्या मालकाच्या नाकी नऊ येतात ते इथे. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला सव्वादोन तास लागतात. दहा पीसींवर वेगवेगळा उतरवला तर बावीस तास. तोच गेम एका पीसीवरून गिगाबिट लॅनने दुसऱ्यावर पंधरा मिनिटांत जातो. म्हणून इंटरनेटवरून एकदाच उतरवायचा आणि आत वाटायचा. स्टीममध्ये (वाल्व्ह कंपनीच्या ऑनलाइन गेम दुकानात) २०२३ पासून लोकल नेटवर्कवरून गेम घेण्याची सोय आहेच. त्यापेक्षा पक्का मार्ग म्हणजे जुन्या पीसीत दोन टीबी एसएसडी टाकून त्यावर लॅनकॅश बसवणं. राउटरचा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) त्याच्याकडे वळवला की पहिल्या पीसीने उतरवलेली फाइल बाकीच्यांना तिथूनच मिळते.

डिस्कलेस पद्धत, म्हणजे पीसीत डिस्कच नाही आणि सगळे सर्व्हरवरून बूट होतात, वीस-पंचवीस सीटच्या पुढे खरोखर फायद्याची ठरते. दहा सीटला नको. सर्व्हर बसला की दहाही खुर्च्या बसतात, आणि तो नीट चालवायला स्वीचपर्यंत दहा गिगाबिटची जोडणी आणि तो कळणारा माणूस लागतो.

इमेज असं करा: एका पीसीवर विंडोज, ड्रायव्हर, लाँचर, कॅफेचं सॉफ्टवेअर टाका, सिसप्रेप (विंडोज दुसऱ्या पीसींवर टाकण्याजोगं करणारं साधन) चालवा, क्लोनझिलाने प्रत घ्या आणि बाकी दहांवर ओता. मग रीस्टार्टला मूळ स्थितीवर आणणारं सॉफ्टवेअर बसवा, उदाहरणार्थ डीप फ्रीझ. एका ग्राहकाचं लॉगिन, सेटिंग, कचरा पुढच्याला दिसत नाही. मात्र गोठवायचा तो फक्त सी ड्राइव्ह. गेम डी ड्राइव्हवर, तो मोकळा.

इथे एक सापळा आहे. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड (चीट पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोज सुरू होतानाच चालू होतं आणि ते सी ड्राइव्हवर असतं. त्याचा अपडेट आला की तो बसतो, रीस्टार्ट मागतो, रीस्टार्टला गोठवलेला ड्राइव्ह जुन्या स्थितीवर जातो आणि पुन्हा अपडेट मागतो. ग्राहक वीस मिनिटं गोल गोल फिरतो आणि पैसे परत मागतो. म्हणून रोज उघडण्याआधी एका पीसीवर प्रत्येक मोठा गेम चालू करून पाहा. व्हॅनगार्डचा अपडेट दिसला तर सगळे पीसी मोकळे करा, अपडेट बसवा, पुन्हा गोठवा. विंडोज ११ वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षेच्या सोयी लागतात. हे बायॉसमध्ये इमेज करण्याआधीच चालू करा.

एखाद्याने चीट चालवलं तर बंदी त्याच्या खात्यापुरती राहत नाही. ती पीसीच्या हार्डवेअरवरही बसू शकते, आणि मग त्या सीटवर पुढचा प्रामाणिक ग्राहकही अडतो. ग्राहकाला ॲडमिनचे अधिकार देऊ नका, पेनड्राइव्ह बंद करा, आणि कोण कुठल्या सीटवर कधी बसलं याची नोंद राहू द्या.

परवाने आणि काउंटर

विंडोजचा साधा परवाना पीसी भाड्याने द्यायला चालत नाही, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा ‘रेंटल राइट्स’ हा वेगळा परवाना असतो. स्टीमचं वैयक्तिक खातंही व्यवसायासाठी नसतं, त्यासाठी वाल्व्हचा पीसी कॅफे प्रोग्राम आहे. दुकानाची एक-दोन खाती ठेवून तीच सगळ्यांना वाटणं हा सोपा वाटणारा रस्ता आहे, पण खातं बंद झालं की त्यातले सगळे गेम जातात. सुरुवात फुकट गेमनी करा, ग्राहक स्वतःच्या खात्याने खेळेल. लहान मुलांसाठी वयोमर्यादा, बंद करण्याची वेळ, आग आणि आवाजाचे नियम जागा घेण्याआधी स्थानिक कार्यालयातून लेखी घ्या. सीओ२ चा अग्निशामक दोन्ही टोकांना ठेवा, पाण्याचा किंवा फोमचा विजेच्या आगीवर नको.

वेळ मोजायला कॅफेचंच सॉफ्टवेअर वापरा. सेनेट, जीजीलीप, स्मार्टलाँच अशी बरीच आहेत. वहीवर लिहिलेली वेळ दुसऱ्याच शनिवारी हाताबाहेर जाते. पैसे आधी घ्या, पंधरा मिनिटं उरली की स्क्रीनवर सूचना येऊ द्या. मॅच तासाच्या हिशोबाने संपत नाही, दुसरी मॅच तासाच्या टोल्याला निम्म्यात असते. तिथे पीसी लॉक केलात तर पाचही जण तुमच्यावर उखडतात. म्हणून दर तासाचा ठेवा, पण पाच जणांना दोन तासांचं पॅकेज द्या आणि चालू मॅचला दहा मिनिटांची सूट ठेवा.

दर ठरवताना शेजारच्याचा बघू नका. दहा सीट, दिवसाला बारा तास, महिन्याला ३,६०० सीट-तास होतात. त्यातले ३० टक्केच विकले जातील असं धरा, म्हणजे १,०८०. भाडं, पगार, इंटरनेट, परवाने, कर्जाचा हप्ता, पीसींची किंमत भागिले ४८ महिने, माउस-हेडसेटची किंमत भागिले १२ महिने, या सगळ्याची बेरीज करून १,०८० ने भागा. त्यात विजेचं सीट-तासाला ०.६ युनिटचं बिल मिळवा, त्यात एसीचा वाटाही आला. आला तो आकडा तुमचा तळ. गिऱ्हाईक त्याच्या वर काही द्यायला तयार नसेल तर जागा महाग पडतेय, दर वाढवून हा पेच सुटत नाही. सकाळच्या रिकाम्या तासांना सवलत द्यायला हरकत नाही, शनिवार संध्याकाळला कधीच देऊ नका.

उघडण्याआधी

भर दुपारी, एसी चालू ठेवून, दहाही पीसींवर जड गेम दोन तास चालवा आणि खोलीत बारा माणसं बसवा. दर अर्ध्या तासाला प्रत्येक प्लग आणि एमसीबीजवळची वायर बाहेरून हाताने चाचपा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल इतकी गरम चालणार नाही. मग मुद्दाम मेन बंद करून परत चालू करा: एमसीबी पडतो का, राउटर यूपीएसवर टिकतो का. एका पीसीवर मोठा डाउनलोड लावून दुसऱ्यावरचा पिंग बघा. शेवटी एक माउस मुद्दाम काढून घ्या आणि काउंटरवरच्या पोराला सांगा, सीट ४ चा माउस गेला. कपाटातून नवा आणून लावेपर्यंत दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते आधी ठरवा.